सोनीचं पहिलं प्लेस्टेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लेस्टेशन म्हटलं की आजच्या मुलांसमोर पाचवं मशीन उभं राहतं. इथे लिहिलंय ते पहिल्याबद्दल: राखाडी रंग, वर गोल झाकण, समोर दोन रिमोट आणि दोन मेमरी कार्ड लावायची जागा. ओळखीतली शाळकरी मुलं, त्यांचे पालक, जुनी मशीनं जमवणारे मित्र यांच्याकडून मला तेच ते प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतोय. या मशीनवर माझं मनापासून प्रेम आहे, ते लपवायचा प्रयत्न केलेला नाही.

सोनीचं पहिलं गेमिंग मशीन हेच का? ते कधी आलं?

हो, घरच्या टीव्हीला जोडून फक्त खेळण्यासाठी बनवलेलं सोनीचं पहिलं मशीन हेच. जपानमध्ये ते ३ डिसेंबर १९९४ रोजी ३९,८०० येनला विक्रीला आलं. अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९५ ला २९९ डॉलरला, आणि युरोपात त्याच महिन्याच्या २९ तारखेला. जपानमध्ये पहिल्याच दिवशी सुमारे एक लाख मशीनं गेली.

काहीजण सोनीच्या ‘हिटबिट’ची आठवण काढतात. १९८३ पासून सोनी एमएसएक्स पद्धतीचे घरगुती संगणक बनवत होती आणि त्यांवर कॅसेट घालून गेम खेळता यायचे, हे खरं. पण ते की-बोर्ड असलेले संगणक होते, म्हणून त्यांना या मोजणीत धरत नाहीत.

टीव्ही आणि टेपरेकॉर्डर बनवणारी कंपनी खेळांकडे वळलीच कशी?

एका इंजिनिअरच्या हट्टामुळे. केन कुतारागी १९७५ मध्ये सोनीत लागले. ऐंशीच्या दशकात त्यांच्या घरी लेकीसाठी निन्टेंडो या जपानी कंपनीचं फॅमिकॉम हे गेमिंग मशीन आलं. (आपल्याकडे ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जी कॅसेटवाली मशीनं मिळायची, ती बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला.) लेक खेळायची, बाप शेजारी बसून ऐकायचा. आतला आवाज त्यांच्या कानाला फार बोचला. याहून कितीतरी चांगला आवाज काढता येईल, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी थेट निन्टेंडोशी बोलणं लावलं आणि त्यांच्या पुढच्या मशीनसाठी आवाजाची चिप बनवायचं काम घेतलं. आपल्याच वरिष्ठांना त्यांनी याची धड कल्पना दिली नव्हती. गोष्ट बाहेर आली तेव्हा सोनीत बरीच आदळआपट झाली, नोकरी जायची वेळ आली. त्यांना सांभाळून घेतलं ते कंपनीचे अध्यक्ष नोरिओ ओगा यांनी. १९९० मध्ये आलेल्या सुपर फॅमिकॉममधला सगळा आवाज सोनीच्याच चिपमधून येतो.

ओगांची ओळख इथेच करून देतो, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही. ते शिकलेले गायक होते. टोकियोत आणि बर्लिनमध्ये त्यांनी पाश्चात्त्य शास्त्रीय गायनाचं शिक्षण घेतलं होतं. विद्यार्थी असताना सोनीच्या टेपरेकॉर्डरमधले दोष त्यांनी कंपनीला कळवले, आणि कंपनीने त्यांनाच जवळ केलं. सीडी बाजारात आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि सोनीचा संगीताचा धंदाही त्यांनीच उभा केला होता.

निन्टेंडो आणि सोनीचं नेमकं बिनसलं कशावरून?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि याचं उत्तर बहुतेक ठिकाणी अर्धवट सांगितलं जातं.

१९८८ मध्ये दोन्ही कंपन्यांचा करार झाला. सुपर फॅमिकॉमसाठी सीडी चालवणारं यंत्र सोनीने बनवायचं आणि शिवाय कॅसेट व सीडी दोन्ही चालतील असं एक जोडमशीन सोनीने स्वतःच्या नावाने विकायचं. त्या जोडमशीनचं नाव ‘प्ले स्टेशन’, दोन शब्दांत. जून १९९१ मध्ये शिकागोच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात सोनीने ते जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी, त्याच प्रदर्शनात, निन्टेंडोने सांगितलं की सीडीसाठी आपण फिलिप्सबरोबर जात आहोत. सोनीच्या माणसांना जगासमोर तोंडघशी पडावं लागलं. आणि फिलिप्स म्हणजे कोण, तर ज्यांच्याबरोबर सोनीने सीडी जन्माला घातली ती कंपनी. घाव वर्मी बसला.

इथपर्यंत सगळे सांगतात आणि मग निन्टेंडोला दगाबाज ठरवून मोकळे होतात. पण करारातलं एक कलम बघा. सीडीवर निघणाऱ्या गेमचे हक्क आणि त्यातून येणारा पैसा सोनीच्या हाती राहणार होता. निन्टेंडोचा सगळा संसार कशावर चालायचा? दुसऱ्या कंपन्यांच्या गेमच्या कॅसेट निन्टेंडोच बनवून द्यायची, आणि प्रत्येक कॅसेटमागे त्यांना पैसे मिळायचे. उद्या सगळे गेम सीडीवर गेले तर तिजोरीची किल्ली सोनीकडे. निन्टेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना हे दिसलं आणि त्यांनी पाऊल मागे घेतलं. पद्धत अपमानकारक होती, पण भीती रास्त होती, असं माझं मत आहे. आपल्या दुकानाचा गल्ला शेजाऱ्याकडे कोण ठेवील?

फिलिप्सबरोबरच्या त्या घरोब्यातूनही निन्टेंडोचं सीडी मशीन काही आलं नाही. फक्त फिलिप्सच्या स्वतःच्या सीडी-आय मशीनवर मारिओ आणि झेल्डा या निन्टेंडोच्या गाजलेल्या मालिकांचे काही गेम निघाले, आणि त्यांचं नाव आजही कुणी कौतुकाने घेत नाही.

ते जोडमशीन खरोखर बनलं होतं की फक्त कागदावरच होतं?

बनलं होतं. २०१५ मध्ये अमेरिकेत त्याचा एक नमुना अचानक उजेडात आला. काळाने पिवळट पडलेला, वर कॅसेटची खाच, समोर सीडीचा कप्पा, आणि निन्टेंडोच्या घडणीच्या रिमोटवर सोनीचं नाव. मार्च २०२० मध्ये तो लिलावात ३,६०,००० डॉलरला विकला गेला.

करार मोडल्यावर सोनीने नाद सोडून का दिला नाही?

सोडायच्या बेतातच होती. कंपनीतल्या पुष्कळ वरिष्ठांना खेळणी विकणं सोनीच्या इभ्रतीला शोभत नाही असं वाटायचं. १९९२ च्या उन्हाळ्यात ओगांच्या समोर निर्णायक बैठक झाली. कुतारागींनी तिथे सांगितलं की निन्टेंडोशिवाय चालेल असं, त्रिमितीय चित्रं काढणारं मशीन आपल्याला बनवता येईल. हे हवेतलं नव्हतं. सोनीकडे टीव्ही स्टुडिओंसाठी ‘सिस्टिम जी’ नावाची यंत्रणा होती, ती चालू प्रक्षेपणातलं चित्र पुस्तकाच्या पानासारखं वळवायची, गोल फिरवायची. कुतारागींचं म्हणणं एवढंच की हेच गणित घरातल्या मशीनमध्ये बसवू. शिकागोचा अपमान ओगांच्या मनात ताजा होता. त्यांनी होकार दिला.

पण होकार देऊन भागत नव्हतं. विरोध करणाऱ्यांच्या तावडीतून प्रकल्प वाचवायला ओगांनी कुतारागींना उचलून सोनी म्युझिकच्या छत्राखाली, टोकियोतल्या आओयामा भागात नेऊन बसवलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा निर्णय आहे. सुडाची गोष्ट ऐकायला रंगतदार असते, पण सुडाने माल खपत नाही. सोनी म्युझिकच्या माणसांना तीन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या: तबकड्या छापायच्या कशा, त्या दुकानात वेळेवर पोचवायच्या कशा, आणि कलावंतांना आपल्याकडे ओढून टिकवायचं कसं. गेम बनवणाऱ्यांना त्यांनी गायक-वादकांसारखं वागवलं. १६ नोव्हेंबर १९९३ रोजी ‘सोनी कॉम्प्युटर एंटरटेनमेंट’ स्थापन झाली, ती सोनी आणि सोनी म्युझिक यांची भागीदारी म्हणूनच.

कॅसेटऐवजी सीडी आली, त्याने एवढा काय फरक पडला?

जवळजवळ सगळाच फरक त्यानेच पडला.

समजा १९९३ साली तुमची गेम बनवणारी छोटी कंपनी आहे. कॅसेटमध्ये असते चिप, आणि चिप महाग. किती कॅसेट हव्यात ते महिने-दोन महिने आधी सांगायचं आणि पैसे आधीच मोजायचे. गेम पडला तर न विकलेला ढीग तुमच्या उरावर. गेम चालला तर आणखी वाईट, कारण दुकानात माल संपतो आणि नवा येईपर्यंत लोकांचा उत्साह ओसरतो. सीडीचं तसं नव्हतं. छापखान्यात दाबली की तयार, खर्च कॅसेटच्या मानाने किरकोळ. थोड्या छापायच्या, बाजाराचा अंदाज घ्यायचा, गरज पडली तर काही दिवसांत आणखी छापायच्या. संगीताच्या धंद्यात हे रोजचंच होतं. नवं, विचित्र, कुणी न पाहिलेलं काही करून बघायची हिंमत गेम बनवणाऱ्यांना यातून मिळाली.

शिवाय जागा. एका सीडीवर ६५० एमबीच्या आसपास माल मावायचा. १९९६ मध्ये निन्टेंडो ६४ आलं ते कॅसेट घेऊनच, आणि त्याच्या सर्वांत मोठ्या कॅसेटची मर्यादा होती ६४ एमबी. फायनल फँटसी ही मालिका तोवर निन्टेंडोच्या घरची मानली जायची. तिच्या सातव्या भागासाठी स्क्वेअर कंपनीला मोठी चलचित्रं हवी होती, ती कॅसेटमध्ये बसेनात. कंपनी सोनीकडे आली आणि ३१ जानेवारी १९९७ ला तो गेम तीन सीडींवर निघाला. बाजाराचं पारडं त्या दिवशी उघडपणे झुकलं.

मग सीडीचा तोटा काहीच नव्हता?

होता. वाट बघावी लागायची. प्लेस्टेशनची ड्राइव्ह सेकंदाला ३०० केबी वाचायची आणि मुख्य मेमरी २ एमबी. ती पूर्ण भरायची तर सात सेकंद नुसते वाचण्यातच जायचे. कॅसेट घातली की गेम सुरू, ही सवय लागलेल्यांना हे जड गेलं.

यावर काढलेल्या युक्त्या मात्र मला अजून आवडतात. रेसिडेंट ईव्हिल या भीतीच्या गेममध्ये एका खोलीतून दुसरीत जाताना अंधारात एक दार हळूहळू करकरत उघडतं. छातीत धडधडतं. तेवढ्या वेळात मशीन पुढची खोली सीडीवरून उचलून घेत असतं. आणि मशीनबरोबर पहिल्याच दिवशी आलेला, नामको कंपनीचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम रिज रेसर तर कमालच. तो लोड होत असताना गॅलॅक्सियन हा जुना गेम खेळायला मिळायचा, आणि एकदा लोड झाला की पूर्ण गेम मेमरीत. झाकण उघडून डिस्क काढा, तुमच्या आवडीच्या गाण्यांची सीडी घाला, आणि त्या गाण्यांवर गाडी पळवा. गोल झाकणाचं मशीन संगीतवाल्यांच्या घरातून आलंय, हे याहून चांगलं कशाने कळणार?

आत काय होतं? आजच्या मोबाइलच्या तुलनेत किती?

तुलना करण्यात अर्थ नाही, पण आकडे देतो. ३२ बिटचा, एमआयपीएस आर३००० घराण्यातला प्रोसेसर, वेग ३३.८७ मेगाहर्ट्झ. मुख्य मेमरी २ एमबी, चित्रांसाठी १ एमबी, आवाजासाठी ५१२ केबी. आवाजाचे २४ चॅनल. प्रोसेसरच्याच चिपमध्ये ‘जीटीई’ नावाचा एक मदतनीस होता, त्याचं काम एकच: त्रिमितीय जागेतले बिंदू पडद्यावर कुठे पडतील याचं गणित भराभर सोडवायचं. कुतारागींनी सगळी ताकद त्या एका कामामागे लावली आणि बाकी मशीन साधं ठेवलं. प्रोग्रामरला सी भाषेत काम करता यायचं आणि तयार कोडच्या लायब्ररी हाताशी मिळायच्या. प्रतिस्पर्धी सेगा कंपनीच्या सॅटर्न या मशीनमध्ये दोन-दोन प्रोसेसर एकमेकांशी जुळवून घ्यायची कसरत होती, त्यापुढे हे मोठंच सुख.

जुन्या गेममध्ये भिंती आणि रस्ते थरथरल्यासारखे का दिसतात?

तुमच्या टीव्हीचा दोष नाही, सीडीचाही नाही. हे मशीन त्रिकोणांचे कोपरे पडद्यावरच्या पूर्ण ठिपक्यांवरच ठेवू शकायचं, दोन ठिपक्यांच्या मधे नाही. त्यामुळे कॅमेरा सावकाश सरकला की कोपरे टुणकन उडी मारून पुढच्या ठिपक्यावर जातात, आणि भिंत थरथरते.

दुसरी गंमत फरशीत दिसते. चौकटीचौकटीची फरशी असलेल्या एखाद्या मोठ्या दालनात उभे राहा आणि पायाशी बघा. सरळ रेषा मधेच नागमोडी होतात. कारण चित्र त्रिकोणावर चिकटवताना जवळचं-लांबचं हे अंतर मशीन हिशेबात धरत नाही, कापड ताणल्यासारखं चित्र सरळ ताणून लावतं. यावर उपाय म्हणून कलाकार मोठ्या फरशीचे बारीक बारीक तुकडे करायचे, म्हणजे वाकडेपणा कमी जाणवे. तिसरी अडचण म्हणजे कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे हे ठिपक्या-ठिपक्याला तपासायची सोयच नव्हती, सगळे त्रिकोण आधी क्रमाने लावून मग मागून पुढे रंगवायचे. क्रम चुकला की टेबलाचा पाय माणसाच्या पोटातून बाहेर.

आज काही तरुण मंडळी नव्या गेममध्ये मुद्दाम ही थरथर आणतात. मला त्याचं बरं वाटतं.

त्रिकोण, गोल, फुली, चौकोन म्हणजे काय?

हे सोनीचे डिझायनर तेइयू गोतो यांचं काम. मशीनचं रूपही त्यांचंच. बाकीच्या कंपन्या बटणांवर अक्षरं छापायच्या, गोतोंना भाषेची अडचण नसलेल्या खुणा हव्या होत्या. त्यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे त्रिकोण म्हणजे पाहण्याची दिशा, चौकोन म्हणजे कागद, म्हणजे मेनू. गोल म्हणजे होकार आणि फुली म्हणजे नकार. जपानमध्ये बरोबर उत्तराला गोल करतात आणि चुकीच्या उत्तरावर फुली मारतात, त्यामुळे तिथे हे आपसूक कळायचं. पश्चिमेत मात्र फुलीच होकाराचं बटण झाली. हा घोळ २०२० पर्यंत चालला. प्लेस्टेशन ५ पासून जपानमध्येही फुली म्हणजे होकार.

रिमोटला खाली आलेल्या दोन मुठीही तेव्हा नव्या होत्या. सोनीतल्या काही वरिष्ठांना त्या पसंत नव्हत्या, सुपर फॅमिकॉमसारखा चपटा रिमोट हवा होता. ओगांनी गोतोंची बाजू घेतली. थरथरणारा, दोन काड्यांचा ‘ड्युअल शॉक’ नोव्हेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आला, आणि आजपर्यंतच्या प्लेस्टेशनच्या रिमोटमध्ये तोच सांगाडा आहे.

‘२९९’ची गोष्ट काय आहे?

११ मे १९९५, लॉस एंजेलिस, व्हिडिओ गेमचं पहिलं ई-३ प्रदर्शन. सेगाने जाहीर केलं की सॅटर्न आजपासूनच अमेरिकेत विक्रीला, किंमत ३९९ डॉलर. नंतर सोनीची पाळी आली. अमेरिकेतले प्रमुख स्टीव्ह रेस मंचावर गेले, ‘२९९’ म्हणाले आणि खाली उतरले. टाळ्यांचा कडकडाट झाला. सेगाच्या घाईने ज्या दुकानदारांना माल मिळाला नाही ते चिडले, ते नुकसान वेगळंच.

गेम बनवणाऱ्या कंपन्या नवख्या सोनीवर विश्वास ठेवून आल्या कशा?

सहज नाही आल्या. १९९३ मध्ये सोनीची माणसं जपानभर फिरून एक नमुना दाखवायची: पडद्यावर डायनोसॉरचं मुंडकं, आणि रिमोट हलवाल तसं ते मान वळवतं, जबडा उघडतं. तोवर असलं काही लाखोंच्या यंत्रांवरच दिसायचं. त्याच वर्षी सेगाचा व्हर्च्युआ फायटर आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, गाजला आणि त्रिमितीय खेळांना लोक पैसे मोजतात हे सगळ्यांना पटलं. नामकोने सोनीचा हात लवकर धरला. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलची सिग्नोसिस कंपनी सोनीने १९९३ मध्ये विकतच घेतली. त्यांच्या मदतीने साध्या पीसीवर गेम बनवता येतील अशी साधनं तयार झाली, आणि वाइपआउट त्यांनीच काढला.

१९९६ मध्ये तर सोनीने ‘नेट यारोझे’ नावाचं काळं प्लेस्टेशन हौशी लोकांसाठी काढलं. घरच्या संगणकाला जोडा आणि आपला गेम आपण लिहा.

आपल्याकडे ते कसं पोचलं?

बहुतेकांच्या घरी नाहीच पोचलं, पोचलं ते व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. दुबई किंवा सिंगापूरहून कुणाच्या तरी मामाने, काकाने आणलेली मशीनं असायची, किंवा मुंबईच्या बाजारातून घेतलेली.

मी पहिल्यांदा पाहिलं १९९९ च्या उन्हाळी सुट्टीत, सांगलीत. आमच्या गल्लीच्या टोकाला झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत दोन टीव्ही होते. एका टीव्हीवर टेक्केन ३ हा मारामारीचा गेम रंगीत दिसायचा, दुसऱ्यावर काळा-पांढरा. आम्हाला वाटायचं तो टीव्हीच जुना आहे. कारण फार पुढे कळलं. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल, आणि अमेरिका-जपानचं मशीन एनटीएससी पद्धतीने रंग पाठवायचं. दोन्ही समजणारा टीव्ही असेल तर रंग, नाहीतर नुसती करडी छटा. काळ्या-पांढऱ्याचा दर कमी होता, म्हणून मी पूर्ण सुट्टी त्याच टीव्हीवर खेळलो. त्यातल्या एडी नावाच्या लढवय्याचे कपडे हिरवे-पिवळे आहेत हे मला दिवाळीत समजलं.

ओरिजिनल सीडी खालून काळी का असते? कॉपी केलेली का चालत नाही?

काळ्या रंगाचा कॉपीशी संबंध नाही. तो प्लास्टिकचा रंग आहे. वाचणारा लेझर अवरक्त किरणांच्या जवळचा, त्याला हा काळेपणा आडवा येत नाही.

खरी खूण सीडीच्या सुरुवातीच्या पट्ट्यात असते. तिथली वाट कारखान्यातच ठरावीक लयीत किंचित डुलती ठेवलेली असते आणि त्या डुलण्यात चार अक्षरं दडवलेली असतात. जपान, अमेरिका आणि युरोप यांची अक्षरं वेगळी. घरच्या सीडी रायटरला ती वाट तशी कोरता येत नाही. म्हणून मशीनमध्ये एक छोटी चिप डाग देऊन बसवायचे, ती ‘खूण सापडली’ असं मशीनला खोटं सांगायची. पार्लरवाल्यांची बहुतेक मशीनं अशीच चालायची. गेम बनवणाऱ्यांचे पैसे त्यात बुडले, हे मान्य करायलाच हवं.

लोक मशीन उलटं करून का ठेवायचे?

सुरुवातीच्या मॉडेलांत सीडी वाचणारा भाग वीजपुरवठ्याच्या शेजारी होता. उष्णतेने आणि वापराने त्याचा प्लास्टिकचा सरकता भाग झिजायचा, लेझर तिरपा व्हायचा, आणि चलचित्रं अडखळायची. मशीन उलटं किंवा कडेवर उभं केलं की लेझर पुन्हा नीट बसायचा. नंतरच्या मॉडेलांत हा भाग वीजपुरवठ्यापासून दूर नेला.

पीएसएक्स, पीएस १, पीएस वन: ही तीन वेगळी मशीनं आहेत का?

पीएसएक्स हे बनत असतानाचं टोपणनाव, पीएस १ लोकांनी नंतर पाडलेलं नाव. ‘पीएस वन’ मात्र जुलै २००० मध्ये आलेली छोटी, पांढरट, गोलसर आवृत्ती. आतला जीव तोच.

किती विकली आणि कधी बंद झाली?

एकूण १० कोटी २४ लाख ९० हजार. दहा कोटींचा आकडा ओलांडणारं घरगुती गेमिंगचं हे पहिलं मशीन. सर्वांत जास्त खपलेला गेम ग्रॅन टुरिस्मो, १ कोटी ८ लाखांहून अधिक. उत्पादन मार्च २००६ मध्ये थांबलं, म्हणजे प्लेस्टेशन २ बाजारात येऊन सहा वर्षं झाल्यावर.

कुतारागींचं पुढे काय झालं?

१९९९ मध्ये ते सोनी कॉम्प्युटर एंटरटेनमेंटचे अध्यक्ष झाले. प्लेस्टेशन २ आणि ३ त्यांच्याच काळातली. २००७ मध्ये ते बाजूला झाले आणि काझुओ हिराई यांनी सूत्रं घेतली. हिराईही मूळचे सोनी म्युझिकमधलेच, आणि २०१२ मध्ये ते अख्ख्या सोनीचे प्रमुख झाले.

आज जुनं मशीन घ्यायचं असेल तर काय तपासू?

नुसते जुने गेम खेळायचे असतील तर प्लेस्टेशन २ किंवा ३ वरही ओरिजिनल सीडी चालतात. मूळ मशीनच हवं असेल तर जुना, जाड काचेचा टीव्ही शोधा. त्या चित्रांचे रंग अशा काचेसाठीच निवडलेले होते, आजच्या सपाट पडद्यावर ती उघडी पडतात. मेमरी कार्डही मागून घ्या. त्यात १५ कप्पे असतात, आणि आधीच्या मालकाचे साठवलेले गेम अजून तिथे असतील तर पुसण्याआधी एकदा बघा. कुणीतरी रात्री जागवून तिथपर्यंत पोचलेलं असतं.

विकणाऱ्यासमोर मशीन लावून बघा. बटण दाबल्यावर पांढरा पडदा, मधे केशरी आकृती आणि ताकाफुमी फुजिसावा यांनी रचलेला तो खोल, पसरत जाणारा सूर. एवढ्यावर समाधान मानू नका, कारण हे डिस्क नसतानाही येतं. त्यानंतर काळा पडदा आणि त्यावर रंगीत ‘पी-एस’ येतं का ते बघा. ते आलं तर लेझरने डिस्क वाचली. सांगलीच्या त्या मागच्या खोलीत या दोन पडद्यांच्या मधल्या चार-पाच सेकंदांत कुणी बोलायचं नाही.